तेबुइरेंग ते गोंतोर : सांत्री कशासाठी शिकतात

इंडोनेशियातल्या पसांत्रेनमध्ये, म्हणजे इस्लामी निवासी शाळेत, दाखल होणारं पोर बहुधा स्वतःच्या हौसेनं आलेलं नसतं. आईवडिलांची इच्छा असते, घरातलं कुणी तिथंच शिकलेलं असतं, कधी बाहेरच्या संगतीची धास्ती असते. मग पहाटेच्या नमाजाआधी उठणारी, दाटीवाटीनं झोपणारी, घराला मुकलेली ही मुलं, म्हणजे सांत्री, मन लावून शिकू लागतात ती कशामुळे?

जावा बेटाच्या पूर्व भागात जोंबांगजवळ तेबुइरेंग हे पसांत्रेन आहे. हाशिम अश्अरी यांनी १८९९ मध्ये ते स्थापलं. पुढं १९२६ मध्ये ‘नहदलतुल उलमा’ ही संघटनाही त्यांच्याच नेतृत्वाखाली उभी राहिली. १९९९ ते २००१ या काळात राष्ट्राध्यक्ष असलेले अब्दुर्रहमान वाहिद त्यांचे नातू. अशा परंपरेतल्या पसांत्रेनमध्ये कियाई, म्हणजे प्रमुख गुरू, अरबी ग्रंथ वाचत शब्दाशब्दाचा जावानीज अर्थ सांगतात आणि मुलं तो ओळींच्या मधल्या जागेत तिरका लिहून घेतात. याला म्हणतात बांदोंगान. सोरोगानमध्ये मात्र एकेकाला गुरूपुढं बसून स्वतः वाचावं लागतं. मजकुराला स्वरचिन्हं नसतात, त्यामुळं व्याकरण पक्कं नसेल तर साधा उच्चारही करता येत नाही. चूक तिथल्या तिथं उघडी पडते, आणि नीट वाचलेली ओळही गुरूंच्या कानावर तिथल्या तिथं पडते. अभ्यासाला बसवणारी इतकी थेट गोष्ट मला दुसरी दिसत नाही. इब्न मालिकच्या व्याकरणाच्या सुमारे हजार ओळी मुलं पाठ करतात त्या याच वाचनासाठी.

गुरूपुढच्या या शिकण्यामागं बरकतीवरची श्रद्धा आहे. गुरूचा आशीर्वाद असेल तरच विद्या फळते, असं सांत्री मानतात; म्हणून कियाईंच्या घरचं काम करणं हाही शिक्षणाचाच भाग. या श्रद्धेत मोठं बळ आहे आणि मोठा धोकाही. बांडुंगमध्ये एका पसांत्रेनच्या शिक्षकानं तेरा विद्यार्थिनींवर बलात्कार केल्याचं २०२१ मध्ये उघडकीस आलं आणि देश हादरला. गुरूविषयी शंका घेणं पाप वाटत असेल तर मुलीनं तक्रार करायची कुणाकडं? निर्भयपणे बोलण्याची वाट प्रत्येक वसतिगृहात असायलाच हवी.

पोनोरोगोजवळच्या गोंतोरची घडण वेगळी आहे. तीन भावांनी १९२६ मध्ये स्थापलेल्या या संस्थेत अरबी आणि इंग्रजी या रोजच्या बोलण्याच्या भाषा. अहमद फुआदी इथलेच विद्यार्थी. त्यांची ‘नगेरी लिमा मनारा’ (२००९) ही कादंबरी त्याच अनुभवावर बेतलेली आहे. तिच्यातला अलिफ आईच्या हट्टापायी नाखुशीनं येतो. त्याला टिकवतात ते मिनाराखाली जमणारे मित्र आणि त्यांनी एकमेकांना बोलून दाखवलेली दूरदेशांची स्वप्नं.

२०१९ च्या कायद्यानं पसांत्रेनच्या शिक्षणाला स्वतंत्र मान्यता मिळाली आणि पुढच्या शिक्षणाची, नोकरीची वाट सोपी झाली. आईवडिलांना याचा दिलासा मोठा, पण तेरा वर्षांच्या मुलाला ते फार लांबचं वाटतं. त्याच्यासमोर असतात वरच्या वर्गातली मुलं. गोंतोरमध्ये वसतिगृहाची शिस्त तीच सांभाळतात, आणि शिक्षण संपल्यावर एक वर्ष शिकवण्याची सेवाही करतात. काल घरच्या आठवणीनं रडणारा मुलगा काही वर्षांनी वर्गापुढं उभा राहतो आणि धाकट्यांच्या प्रश्नांना उत्तरं देण्यासाठी तेच व्याकरण रात्री पुन्हा वाचत बसतो.