पॅरामेडिकची फी भरण्याआधी

आकुर्डीत आमच्या शेजारच्या खाला मुलीच्या 'सहा महिन्यांत पॅरामेडिक' वर्गासाठी कानातले मोडायला निघाल्या होत्या. मी म्हटले, "खाला, जरा थांबा."

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, म्हणजे पॅरामेडिक, हा व्यवसाय नोंदणीच्या कक्षेत आणला आहे. पदविका असो वा पदवी, शिक्षण किमान २००० तासांचे आणि किमान दोन वर्षांचे हवे. मग राज्य परिषदेत नोंदणी. सहा महिन्यांत हे कसे बसणार?

महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. खासगी गाडीत रुग्णाजवळ कोण बसले आहे, हे आपण विचारतही नाही!

खालांनी वर्गात जाऊन एवढेच विचारले, "प्रमाणपत्रावर कुठल्या विद्यापीठाचे किंवा मंडळाचे नाव असेल?" उत्तर मिळाले नाही. कानातले पुन्हा डब्यात गेले.