इन्सुलिन टोचताय? आधी बाटलीवरचा आकडा वाचा!

साखरेचा आजार म्हणजे बसून खाणाऱ्यांचा आजार, अशी समजूत आपल्या वस्त्यांतून अजूनही ऐकू येते. पण कारखान्यात, सफाईच्या कामात, चार घरची धुणीभांडी करण्यात ज्यांची हयात गेली त्यांच्याही घरी आज इन्सुलिनच्या बाटल्या दिसतात. गोळी एक की दोन, हे अक्षरओळख नसलेल्या आजीलाही कळते. इन्सुलिन मात्र युनिटमध्ये मोजून घ्यावे लागते. आम्ही पेशाने कारकून, आकडेमोडीत केस पांढरे झालेले. म्हणून यातला हिशेब वाचकांपुढे मांडतो.

आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात. एकीत दर मिलिलिटरला ४० युनिट, दुसरीत १००. म्हणजे १० मिलिलिटरच्या बाटलीत एकीकडे ४०० युनिट आणि दुसरीकडे १०००. त्यांच्या सिरिंजही वेगवेगळ्या. ४० च्या बाटलीला लाल टोपीची, १०० च्या बाटलीला नारिंगी टोपीची.

समजा, डॉक्टरांनी सकाळी २० युनिट सांगितले आहेत. बाटली १०० ची आणि हातात सिरिंज लाल टोपीची. २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले की ते अर्धा मिलिलिटर भरते, आणि अंगात जातात ५० युनिट. अडीचपट! उलट झाले, म्हणजे बाटली ४० ची आणि सिरिंज नारिंगी टोपीची, तर २० च्या रेघेवर जातात फक्त ८ युनिट. ही दुसरी चूक गुपचूप घात करते. साखर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात, आणि पुढे कधी बरोबर सिरिंज हाती आली की तो वाढीव डोस पुरता अंगात जातो.

आमच्या ओळखीच्या एका मावशींना सरकारी दवाखान्यातून ४० ची बाटली मिळत असे. एकदा तिथला साठा संपला. मुलाने बाहेरच्या दुकानातून बाटली आणली. नाव तेच, आकडा मात्र १००. दुकानदाराने काही सांगितले नाही आणि घरात सिरिंज लाल टोपीच्या. त्या दिवशी मावशींना दरदरून घाम फुटला, हातपाय थरथरू लागले, त्या असंबद्ध बोलू लागल्या. शेजारीण लिंबू उतरवायला निघाली होती. सून शहाणी निघाली. तिने आधी साखरपाणी पाजले आणि रिक्षा बोलावली. मावशी वाचल्या.

कमरेला लावायचा इन्सुलिन पंप हल्ली शहरात कुणाकुणाकडे दिसतो. किंमत लाखांत. तो १०० चेच इन्सुलिन थेंबाथेंबाने दिवसरात्र सोडतो. दिलेल्या मापात साधारण ५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडणार नाही, अशी ग्वाही पंप बनवणारे देतात. तोही फसतो. नळीत हवा शिरली किंवा कातडीखालची बारीक नळी मुडपली की औषध अडते. पण त्या पाच टक्क्यांवर तज्ज्ञ मंडळी वाद घालतात, आणि आपल्या घरात चुकीच्या सिरिंजने दीडशे टक्के जास्त औषध जाते, त्याची कुठे नोंदही होत नाही. इंग्लंडने १९८३ साली सगळे इन्सुलिन १०० च्या एकाच मापावर आणले. आपल्याकडे दोन मापे अजून चालूच आहेत. बरे, बाटलीवरचा आकडा तरी ठळक आणि मराठीत छापायला काय हरकत होती? गरिबाचा चष्माही धड नसतो.

तेव्हा बाटली घेताना दुकानातच आकडा पाहावा, घरच्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावा, आणि त्याच आकड्याची सिरिंज मागून घ्यावी. पेनातले इन्सुलिन १०० चे किंवा त्याहूनही कडक असते. ते सिरिंजने ओढून टोचू नये. सिरिंजवरच्या रेघा पुसट झाल्या असतील तर ती फेकण्याच्याच लायकीची. दुधाळ इन्सुलिन असेल तर बाटली तळहातांत हलके घोळवावी, नाहीतर साका खाली बसतो आणि रोजचे माप बदलते. हवेचा बुडबुडा दिसला तर तो बाहेर काढून पुन्हा रेघ पाहावी. फ्रिज नसेल तर बाटली पिशवीत घट्ट बांधून ओल्या मातीच्या गाडग्यात, सावलीत ठेवावी. उघडलेली बाटली साधारण महिनाभरच वापरावी, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवलेली बरी.

आणि घाम, थरथर, एकाएकी भूक, बरळणे असे काही दिसले तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, ठसका लागून जीव जाईल. कुशीवर वळवून तडक दवाखान्यात न्यावे, आणि जाताना ती बाटली व सिरिंज दोन्ही सोबत घ्यावी.