बिडी सोडू म्हणणाऱ्या सभासदांसाठी



या पानावर एरवी आम्ही लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खतांचे हप्ते आणि खोडव्याची निगा याबद्दल लिहितो. या खेपेस बिडीबद्दल लिहीत आहोत. "ऊस विकास खात्याला हा उद्योग कुणी सांगितला?" असे काही जण म्हणतील. म्हणोत. पण वर्षभर शिवारात फिरताना जशी हुमणी दिसते तशी बिडीही दिसते, आणि ती वाळवते ते आमच्या सभासदाला, म्हणजे ऊस लावणाऱ्यालाच.

पहिले नुकसान उसाचे सांगतो. हंगामाच्या उत्तरार्धात पाला वाळतो, वारा सुटतो, आणि विझली म्हणून बांधावर टाकलेले थोटूक सगळा फड पेटवून देते. जळिताची नोंद घ्यायला गेल्यावर कारण विचारले की "तारा घासल्या" हे उत्तर ठरलेले. तारा घासतात हे खोटे नाही. पण ज्या शिवारात तारेचा मागमूस नाही तिथेही जळीत होते, आणि बांधावर थोटके पडलेली असतात. जळालेल्या उसाचे वजन घटते, साखर उतरते, त्याला आधी तोड द्यावी लागते म्हणून शेजाऱ्याचा नंबर मागे जातो, आणि कपात बसते ती निराळीच. शिवाय पाचट जाळू नका, सरीत ठेवा, असे आम्हीच सांगत आलो आहोत. आता ज्यांनी ऐकले त्यांच्या रानात पाचटाची गादी आहे, आणि त्याच गादीवर दुपारच्या सुट्टीत टोळी टेकते व काडी ओढते. तेव्हा हा विषय आमच्या खात्याबाहेरचा नाही.

आता माणसाकडे येऊ. "बिडी गावठी, पानाची, तिच्यात तंबाखू चिमूटभर, सिगारेटीपेक्षा बरी" असा समज पक्का आहे. तो चुकीचा आहे. तेंदूच्या पानातून हवा कमी खेळते, बिडी सारखी विझते, म्हणून ती जास्त वेळा आणि जास्त जोर लावून ओढावी लागते. त्यामुळे चिमूटभर तंबाखूतूनही सिगारेटीइतके किंवा त्याहून अधिक निकोटिन व डांबर छातीत जाते.

तंबाखूचे पाणी करून माव्यावर मारण्याची पद्धत जुन्या माणसांना ठाऊक आहे. निकोटिन सल्फेट नावाचे कीटकनाशक एके काळी विकले जाई, ते यातलेच. मावा मारणारे हे निकोटिन धुरातून १० ते २० सेकंदांत मेंदूत पोचते व तरतरी देते. साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, मग जीव वळवळतो, चिडचिड होते आणि हात खिशाकडे जातो. पुढची बिडी ओढल्यावर जे बरे वाटते ते मागच्या बिडीने पाडलेला खड्डा भरल्याचे बरे वाटणे असते. ही गोष्ट समजली की सोडणाऱ्याचे निम्मे काम सोपे होते, कारण मग "माझ्यातच दम नाही" असे तो स्वतःला म्हणत नाही. कुणाच्याही मदतीशिवाय नुसत्या मनाच्या जोरावर सोडायला निघालेल्या १०० जणांत वर्षभर टिकणारे ३ ते ५ च असतात. एवढी ही वस्तू चिकट आहे.

मात्र सोडण्याचा फायदा कोणत्याही वयात होतो. ब्रिटनमध्ये १९५१ साली डॉक्टर मंडळींच्याच धूम्रपानाचा अभ्यास सुरू झाला आणि त्याचे ५० वर्षांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. आयुष्यभर ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षे आधी गेले. ज्यांनी ६० व्या वर्षी सोडली त्यांना त्यातली ३ वर्षे परत मिळाली, ५० व्या वर्षी सोडणाऱ्यांना ६ आणि ४० व्या वर्षी सोडणाऱ्यांना ९. तेव्हा पन्नाशीच्या सभासदाने "आता काय उरलंय" म्हणायचे कारण नाही. सोडल्यावर एका वर्षात हृदयविकाराचा जादा धोका जवळपास निम्मा होतो. क्षयाचे औषध चालू असलेल्यांनी तर बिडीला हात लावूच नये.

हे सगळे ऐकून "साहेब, पटतंय, पर सुटत न्हाई" असे म्हणणाऱ्यांसाठी पुढचे.

आधी आठ दिवस काहीही सोडू नका, नुसती नोंद करा. पाणीपाळीची वही ठेवता तशी एक छोटी वही किंवा बंडलात खोचलेली चिठ्ठी चालेल. कितीला ओढली, कुठे ओढली, सोबत कोण होते, एवढेच. आठ दिवसांनी वही वाचली की दिसेल, पंधरा-वीस बिड्यांतल्या निम्म्या तर तलफ नसताना ओढलेल्या असतात. कुणी पुढे केली म्हणून, काट्यावर ट्रॅक्टर अडकला म्हणून, चहा आला म्हणून. उरलेल्या निम्म्या खऱ्या दांडग्या. त्यांची तयारी वेगळी करावी लागते.

मग पुढच्या पंधरा दिवसांतला एक दिवस ठरवा. लागणीची तारीख ठरवतो तसाच ठरवा आणि घरात सांगून टाका. लग्नसराई, जत्रा, किंवा तोडीच्या ऐन गर्दीचा आठवडा टाळा. हळूहळू कमी करावी की एकदम बंद, असे पुष्कळ जण विचारतात. इंग्लंडमध्ये सुमारे ७०० जणांवर झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०१६ साली आला, त्यात ठरल्या दिवशी एकदम बंद करणाऱ्यांपैकी १०० त ४९ जण चार आठवड्यांनंतर टिकून होते आणि हळूहळू कमी करून थांबणाऱ्यांपैकी ३९. आमचेही मत एकदम बंद करण्याकडे आहे. रोज एक कमी करणारा माणूस दिवसभर उरलेल्या बिड्याच मोजत बसतो. ज्याला एकदम जमत नाही त्याने मात्र कमी करण्याच्या वाटेने जरूर जावे, पण शेवटची तारीख तरी पक्की असावी.

आदल्या रात्री बंडल, काडेपेटी, लायटर सगळे घराबाहेर. मोटारीच्या पेटीजवळ, ट्रॅक्टरच्या डब्यात, छपरात खोचलेले "अडीअडचणीचे" बंडलसुद्धा.

पहिले तीन दिवस सर्वांत कठीण. डोके दुखते, झोप लागत नाही, बायकोवर आणि बैलावर राग निघतो. घरच्यांना आधीच कल्पना द्यावी. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरते. तलफ मात्र सलग नसते, लाटेसारखी येते आणि चार-पाच मिनिटांत उतरते. तेवढी मिनिटे काढायची असतात. एक सरी चालून या, पाणी घोट घोट प्या, बडीशेप किंवा लवंग तोंडात टाका. सुपारी नको, कारण नुसत्या सुपारीनेही तोंडाचा कॅन्सर होतो. गुळाचा खडा चालेल, साखर कारखान्याच्या माणसाने हे लिहू नये, पण ज्याला मधुमेह नाही त्याला चालेल.

सकाळची बिडी सगळ्यांत दांडगी. "ती वढल्याबिगर परसाकडं हुत न्हाई" ही तक्रार आम्ही अनेकांकडून ऐकली आहे, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. निकोटिन आतड्यांना ढोसते, ते बंद झाले की काही दिवस पोट साफ होत नाही. उठल्याबरोबर दोन तांबे कोमट पाणी, थोडे चालणे, रात्रीच्या जेवणात पालेभाजी आणि भाकरी, एवढ्याने साधारणपणे भागते. न भागल्यास डॉक्टरांकडून साधे औषध घ्यावे, पण पोटासाठी बिडी पुन्हा धरू नये.

दुसरी दांडगी रात्रीच्या पाण्याची. थंडी, झोप, एकटेपणा आणि विंचू-सापाचे भय, यात बिडी सोबतीण वाटते हे आम्ही समजू शकतो. चहाची थर्मास न्या, पण बिडी आणि चहाची गाठ पक्की असेल तर महिनाभर चहाऐवजी सुंठेचे पाणी किंवा ताक बरे. कानटोपी, घोंगडे आणि जमल्यास शेजारचा पाणीवाला सोबत. तो ओढणारा असेल तर दोघांनी मिळून सोडलेली उत्तम.

तिसरी अडचण आग्रहाची. बिडी पुढे करणे हा आपल्याकडे मान आहे, नाही म्हटले तर समोरचा नाराज होतो. "सोडायचा प्रयत्न करतोय" म्हटले की आग्रह वाढतो. "सोडली" म्हणावे आणि हात जोडावेत. आमच्या गटातील एक वयस्कर सभासद "डॉक्टरनं बंदी केलीया" म्हणून वेळ मारून नेतात. डॉक्टरांनी खरोखरच केली होती की नाही हे आम्ही विचारलेले नाही.

एक इशारा. बिडी सोडून तंबाखू-चुना किंवा मशेरी धरणे म्हणजे सोडणे नव्हे. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात धूर ओढणारे प्रौढ १०० त ४ च्या आत होते, पण तंबाखू खाणारे-लावणारे २४ होते. तोंडाच्या कॅन्सरची वाट तिथूनच जाते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, ती कशी पाळली जाते ते सर्वांना माहीत आहे.

ज्यांना उठल्याउठल्या अर्ध्या तासात बिडी लागते त्यांनी औषधाची मदत घ्यावी. निकोटिनचा चघळायचा गम मिळतो. तो सतत चावायचा नाही. थोडा चावून झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचा, चव गेली की पुन्हा चावायचा, असे अर्धा तास. आधी पंधरा मिनिटे चहा नको. "विष सोडायला विषच?" असे विचारतात, तर त्यात धूर नाही आणि डांबर नाही, आणि कॅन्सरचे मुख्य कारण धूर-डांबर हेच आहे. गोळ्याही असतात. हृदयाचा आजार असल्यास किंवा गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही घेऊ नये.

हिशेबाचेही सांगतो. रोजचे बंडल २५ रुपयांचे धरले तर वर्षाचे ९१२५ रुपये होतात. डीएपीची बॅग १३५० रुपयांना धरल्यास सहा बॅगा येऊन हजार रुपये उरतात. आपल्या गावचा भाव घालून ज्याने त्याने पाहावे.

महिन्या-दोन महिन्यांनी एखादी ओढली गेली, तर "मोडलं सगळं" म्हणून पूर्ण बंडल आणू नका. तुटाळ पडली म्हणून कुणी सगळा प्लॉट नांगरत नाही, नांग्या भरतो. कशामुळे ओढली गेली ते वहीत लिहा व दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा. बहुतेकांची बिडी दुसऱ्या-तिसऱ्या किंवा त्याहून पुढच्या प्रयत्नातच सुटते.

तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत दूरध्वनी सेवा २०१६ पासून आहे, क्रमांक १८००-११-२३५६. जिल्हा रुग्णालयातही तंबाखू सोडवण्याबाबत सल्ला मिळतो. क्रमांक सर्व गट कार्यालयांच्या फळ्यावर लिहिला आहे, ज्यांना फोन लावायला अडचण वाटते त्यांना आमचे शेतकी कर्मचारी लावून देतील. कारखान्याचे कार्यालय ही सार्वजनिक जागा आहे, तिथे ओढल्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे. फडात असा दंड नाही, तेव्हा निदान टोळीला पाण्याने भरलेली एक बादली आणि थोटके टाकायला वाळूचा डबा बांधावर ठेवून द्यावा.