नोंदीवरील काळाचा शिक्का

घरीं आलेलें एखादें पोस्टकार्ड हातीं घेऊन पाहिलें, तर त्यावर दोन तारखा आढळतात. एक लिहिणारानें आपल्या हातानें घातलेली. दुसरी टपालकचेरीच्या शिक्क्यांतील. पहिली तारीख लिहिणारा वाटेल ती घालूं शकतो. दुसरीवर त्याची सत्ता चालत नाहीं. म्हणूनच वाद उत्पन्न झाला असतां लोक शिक्का पाहतात. असाच शिक्का संगणकांतील नोंदींवर आपोआप कसा उमटतो, आणि त्याच्या साक्षीवर कितपत विसंबावें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

सन १९७० मध्यें एडगर कॉड या शास्त्रज्ञानें माहिती कोष्टकांच्या रूपानें ठेवण्याची पद्धति मांडली. आडवी ओळ म्हणजे एक नोंद. उभा रकाना म्हणजे त्या नोंदींतील एक बाब. गांवांचें एक कोष्टक, अर्जांचें दुसरें. अर्जाच्या ओळींत गांवाचा क्रमांक लिहिला म्हणजे दोहोंचें नातें जुळतें. अशा कोष्टकांच्या संग्रहास डेटाबेस म्हणतात.

कोष्टक आखतांनाच त्यांत दोन जास्त रकाने ठेवितात : नोंद केल्याची वेळ व नोंद बदलल्याची वेळ. पहिल्या रकान्यास अशी आज्ञा दिलेली असते कीं, येथें कोणीं कांहीं भरलें नाहीं, तर यंत्रानें आपल्या घड्याळांतील वेळ भरावी. परंतु या आज्ञेंत एक पळवाट आहे. कारकुनानें स्वतः एखादी जुनी तारीख भरली, तर यंत्र ती मुकाट्यानें स्वीकारतें. शिवाय पुढें ओळ दुरुस्त झाली, तरी ही आज्ञा पुन्हां जागी होत नाहीं. यासाठीं 'ट्रिगर' नांवाची योजना करितात. ट्रिगर म्हणजे बंदुकीचा घोडा. ओळ लिहिली वा बदलली जातांना हा घोडा आपोआप पडतो, आणि माणसानें भरलेली वेळ बाजूस सारून यंत्राची वेळ लिहितो. मात्र दुसऱ्या रकान्यांत शेवटच्या फेरफाराचीच वेळ राहते. सर्व फेरफारांचा इतिहास हवा असल्यास प्रत्येक वेळीं जुनी ओळ निराळ्या कोष्टकांत उतरवून ठेवावी लागते.

घड्याळ कोणत्या प्रमाणाचें, हेंही ठरवावें लागतें. ताडोबाच्या जंगलांत झाडास बांधलेल्या कॅमेऱ्यानें १५ जानेवारीस पहांटे ४ वाजतां वाघाचें छायाचित्र घेतलें, असें समजा. जागतिक प्रमाणवेळ आपल्याहून ५ तास ३० मिनिटें मागें आहे. तिच्या हिशेबानें तेव्हां १४ जानेवारीच्या रात्रीचे १०.३० वाजलेले असतात. वेळेबरोबर तिचें प्रमाण नोंदलें नाहीं, तर वाघ आदल्या दिवशींच येऊन गेला असें वाटेल.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. यंत्राचा शिक्का नोंद केव्हां लिहिली हें सांगतो. गोष्ट केव्हां घडली हें सांगत नाहीं. आपल्या वनप्रदेशांत हा भेद फार मोलाचा आहे. सन २००६ च्या वनहक्क कायद्यानें जंगलांत राहणारांचे हक्क मान्य केले, आणि धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ मध्यें सामूहिक वनहक्क मिळाला. या कायद्यानुसार जमिनीवरील वहिवाट १३ डिसेंबर २००५ पूर्वींची असावी लागते. दाव्याची ओळ संगणकांत पुढें कित्येक वर्षांनीं लिहिली गेली, म्हणून वहिवाट नवी ठरत नाहीं. तिची साक्ष शेताचे बांध, विहिरी व गांवांतील वृद्धांचे लेखी जबाब देतात.

ग्रामसभेच्या ठरावावर उपविभागीय समितीकडे दाद मागण्याची मुदत ठराव झाल्यापासून ६० दिवसांची आहे. समजा, ठराव १० मार्चला झाला व कचेरींत त्याची नोंद २ एप्रिलला झाली. कायद्याप्रमाणें मुदत ९ मे रोजीं संपते. संगणकावरील शिक्का पाहून मोजणारा मात्र १ जूनपर्यंत स्वस्थ बसेल, आणि दाद मागण्याची संधि गमावील. शिक्का खरा होता. त्यास प्रश्न मात्र चुकीचा विचारला गेला.

म्हणून नीट आखलेल्या कोष्टकांत तीन रकाने असावे : गोष्ट घडल्याचा दिवस, नोंद केल्याची वेळ आणि नोंद बदलल्याची वेळ. पहिला माणसानें पुरावा पाहून भरावा. उरलेले दोन यंत्रानें भरावे व त्यांस कोणीं हात लावूं नये. पालकांनीं अर्ज देतांना तारखेसह पोच मागून घ्यावी आणि ठरावाची प्रत घरीं जपून ठेवावी. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी उद्यां कचेरींत बसतील, कोणी अशीं कोष्टकें स्वतः आखतील. साक्षीदारानें जें पाहिलें तेवढेंच सांगावें, हा नियम यंत्रासही लागू आहे, हें त्यांनीं विसरूं नये.