एका गोळीला चिठ्ठी लागते, दुसरीला नाही. असं का?

आजचा विषय थेट मेडिकलच्या काउंटरवरचा. आपल्याकडे लेव्होनॉरजेस्ट्रेलची इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या, म्हणजे अटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन वगैरे, यांना मात्र चिठ्ठी लागते. मग जिला चिठ्ठी लागते ती ‘स्ट्राँग’ आणि दुसरी ‘हलकी’, असं असतं का? तर नाही. मी डॉक्टर नाही, कोड लिहितो. मला हा सरळ परमिशनचा प्रश्न वाटतो: कोणता निर्णय युजरला एकट्याने घेता येतो?

पहिला मुद्दा, गरज आहे हे कळतं का? कंडोम फाटला, रोजची गोळी चुकली, हे जिच्या बाबतीत घडलं तिला माहीतच असतं. वाढलेलं कोलेस्टेरॉल मात्र सहसा जाणवतच नाही. रक्ततपासणी लागते, आणि नुसत्या आकड्यावरही भागत नाही. वय, बीपी, शुगर, सिगरेट, सगळं एकत्र बघून धोका ठरतो.

दुसरा, वेळ. इमर्जन्सी गोळी मुख्यतः बीजांड बाहेर पडणं थांबवते किंवा पुढे ढकलते. म्हणून ती 72 तासांच्या आत आणि जितकी लवकर तितकी बरी. डॉक्टरच्या अपॉइंटमेंटची वाट बघण्यात तिचा उपयोगच कमी होतो. स्टॅटिनचा फायदा वर्षानुवर्षं घेतल्यावर दिसतो. तिथे चार दिवस थांबून डॉक्टरांना भेटलं तर काही बिघडत नाही.

तिसरा, नंतर लक्ष कोण ठेवणार? एक गोळी म्हणजे एकदाच चालणारी स्क्रिप्ट, दुसरी म्हणजे कायम बॅकग्राउंडला चालणारी सर्व्हिस. स्टॅटिन यकृतात कोलेस्टेरॉल तयार करणाऱ्या एन्झाइमला अडवतं. काहींचे स्नायू दुखतात, क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकशी काही स्टॅटिन्सचं जमत नाही. मॉनिटरिंग लागतंच.

अमेरिकेत ही तुलना प्रत्यक्ष घडली. तिथल्या एफडीएच्या सल्लागार समितीने डिसेंबर 2003 मध्ये ‘प्लॅन बी’ गोळी चिठ्ठीशिवाय द्यावी म्हणून 23 विरुद्ध 4 मतांनी कौल दिला. 2005 मध्ये लोव्हास्टॅटिनसाठी तसाच प्रस्ताव आला, तर समितीचं मत उलट पडलं. कोणी घ्यावी आणि कोणी घेऊ नये, हे ग्राहकाला स्वतःचं स्वतः नीट ठरवता येईल का, ही शंका होती. गंमत बघा: समितीचा पाठिंबा असूनही प्लॅन बी अडकली. 2006 मध्ये फक्त 18 वर्षांवरच्यांना मिळाली, आणि वयाची अट जायला कोर्टकचेरी होऊन 2013 उजाडलं. म्हणजे परमिशन नेहमी विज्ञानच ठरवतं असं नाही.

ब्रिटनने मधला रस्ता काढला. तिथे 2001 पासून इमर्जन्सी गोळी आणि 2004 पासून 10 मिलिग्रॅम सिम्व्हास्टॅटिन चिठ्ठीशिवाय, पण फार्मासिस्टने प्रश्न विचारून, द्यायला परवानगी मिळाली.

आता आपल्या कामाचं. इमर्जन्सी गोळीने आधीच राहिलेला गर्भ पडत नाही. ती लैंगिक आजारांपासून वाचवत नाही, आणि रोजच्या गर्भनिरोधकाची जागाही घेत नाही. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर तिचा असर कमी होतो, तेव्हा डॉक्टरांना लगेच विचारा. पाळी आठवड्याहून जास्त लांबली तर टेस्ट करा.

आणि घरी आईबाबांची स्टॅटिन चालू असेल, तर रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून ती परस्पर बंद करू देऊ नका. रिपोर्ट बहुतेक वेळा गोळीमुळेच नॉर्मल आलेला असतो.

चिठ्ठी लागत नाही म्हणजे औषध किरकोळ, असं नाही. आणि चिठ्ठीशिवाय मिळणारी गोळी मागताना काउंटरवर कोणी भुवया उंचावल्या, तर मान खाली घालायचं काही कारण नाही. तो निर्णय नियमानेच तुमच्या हातात दिलाय. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!