नवी वॉकीटॉकी घेण्याआधी

मोबाइलला रेंज नसलेल्या पाड्यांवर एकटी फिरणारी आरोग्यसेविका वाटेत घसरून बेशुद्ध पडली, तर हाती वॉकीटॉकी असूनही ती बटण दाबणार कशी? यासाठी ‘लोन वर्कर’ नावाची सोय असते. ठरावीक वेळात एकही बटण दाबले गेले नाही, तर संच आधी वापरणाऱ्याला इशारा देतो. तरीही उत्तर नसेल तर आपणहून मदतीचा संदेश पाठवतो.

अशा सोयीसाठी लगेच नवा संच घेऊ नये. मोटोरोलाच्या मोटोट्रबोसारख्या डिजिटल संचांत काही सोयी आधीपासूनच असतात, फक्त संगणकावरून सुरू कराव्या लागतात. काहींसाठी वेगळा परवाना विकत घ्यावा लागतो. तो त्या एका संचाच्या सीरियल नंबरशी बांधलेला असतो. दुसऱ्या संचात चालत नाही.

म्हणून विक्रेत्याकडे जाताना प्रत्येक संचाचे मॉडेल, सीरियल नंबर आणि फर्मवेअरची आवृत्ती लिहून न्यावी. फर्मवेअर जुने असल्यास आधी ते बदलावे लागू शकते. त्यापूर्वी चॅनेलांची फाइल संगणकावर जपून ठेवायला सांगावे. जीपीएससाठी मात्र संचात तसा भागच असावा लागतो. नुसता परवाना पुरत नाही.

शेवटचे म्हणजे, परवान्याने रेंज वाढत नाही. सोय सुरू झाल्यावर त्याच वाटेने चालून, मदतीचा संदेश खरोखर केंद्रावर पोहोचतो का, हे पाहावे. तो पोहोचला तरच खर्च सार्थकी लागला.