तेलुगू प्रवचन, मराठी बायबल आणि काकूंचा फोन

मी मूळचा उदगीरचा, सध्या पुण्यात कोड लिहितो. मागच्या डिसेंबरात देगलूरला मित्राकडे गेलो होतो. तिथून तेलंगणाची हद्द जवळच. मित्राच्या घरी रविवारी प्रार्थनासभा होती आणि पाहुणे पाळक निजामाबादकडचे, बोलणार तेलुगूत. नेहमी भाषांतर करून सांगणारा मुलगा आजारी पडला. मित्राची आई म्हणाली, "लेकरा, तू कंप्युटरवाला हाईस की, कर की कायतरी."

मी फोनवर लाइव्ह भाषांतराचं अ‍ॅप चालू करून काकूंच्या पुढ्यात ठेवलं. दहा मिनिटांत काकू कुजबुजल्या, "हे काय संरक्षण, संरक्षण लावलंय? कुठं लढाई हाय का?"

झालं असं, की पाळक 'रक्षण' म्हणत होते. तेलुगू ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यात त्याचा अर्थ पापातून सुटका. मराठी मंडळीत त्यालाच 'तारण' म्हणतात. पण अशी अ‍ॅप भाषा शिकतात ती मुख्यतः इंटरनेटवरच्या मजकुरातून, आणि तिथे 'रक्षण' म्हटलं की संरक्षण खातं. उलट बाजूनेही तीच गंमत: 'तारण' म्हटलं की मशीनला बँकेचं कर्ज आठवणार! माणूस अडला तर निदान "पुन्हा सांगा" म्हणतो. अ‍ॅप चुकीचं वाक्यही ठणकावून दाखवतं, आणि समोरचा माणूस ते देवाचं वचन समजून घरी घेऊन जातो. मला हे जास्त खटकलं.

मग माझ्या लक्षात आलं, पाळक मध्येमध्ये काहीतरी ओळखीचं बोलतायत: "योहानु सुवार्त, मूडव अध्यायम, पदहारव वचनम." अध्याय, वचन हे शब्द आपलेच. राहिले फक्त आकडे, आणि देगलूरच्या बाजारात तेलुगू आकडे कुणाला येत नाहीत? योहान ३:१६. मी काकूंच्या फोनवर मराठी बायबलमध्ये तेच वचन उघडलं. पाळक तेलुगूत वाचतायत, काकू मराठीत वाचतायत, आणि दोघं एकाच ओळीवर.

डेटाबेस शिकलेल्यांना हे लगेच कळेल: अध्याय आणि वचनाचा क्रमांक म्हणजे प्रायमरी की. भाषा कोणतीही असो, पत्ता तोच. नव्या कराराचे हे वचनक्रमांक रॉबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली छापले. (स्तोत्रसंहितेत मात्र जपून. काही परंपरांत स्तोत्रांचे क्रमांक एकाने पुढेमागे असतात.)

या क्रमांकांचा फायदा मशीनलाही झाला. भाषांतर शिकवायला दोन भाषांतली जुळणारी वाक्यं लागतात, आणि बायबलमध्ये ती आधीच जुळवलेली सापडतात. मेटाने २०२३ मध्ये ११०० हून जास्त भाषांसाठी बोलणं ओळखणारं मॉडेल आणलं. त्यासाठी वापरलं काय, तर नव्या कराराचं रेकॉर्ड केलेलं वाचन, दर भाषेला सरासरी ३२ तास. ज्या भाषांत ना वर्तमानपत्र ना वेबसाइट, त्यांचाही आवाज असा मशीनपर्यंत पोचला. पण अशा मॉडेलला धर्मग्रंथाची वाचिक भाषा मिळते, चावडीवरची नाही. म्हणून प्रवचनात, जिथे पाळक मनाने बोलतो आणि क्रमांक नसतो, तिथे अजूनही माणूसच लागतो.

तुम्हाला कुणासाठी हे करायचं असेल तर मराठी आवृत्ती आधीच डाउनलोड करा, सभेच्या ठिकाणी रेंज मिळेलच असं नाही. ऑडिओ असेल तर तोही, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. आणि एकापेक्षा जास्त आवृत्त्या बघा. काहींची मराठी फार जड आहे. ही अडचण जुनीच. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायकांना कळावं म्हणूनच. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि ते पुस्तक १९२४ मध्ये आलं.

काकूंची नात सहावीत आहे. आता ती आजीशेजारी बसते, क्रमांक ऐकते आणि पान उघडून देते. प्रवचन सांगायला तो मुलगा परत आलाय.